‘असा’ म्हणजे कसा?

मराठीत काही शब्द असे आहेत की ते कागदावर अर्धेच उतरतात. ‘असा’, ‘एवढा’, ‘इतका’, ‘इथून तिथपर्यंत’. उर्दूत ‘यूं’ आणि ‘इतना सा’. जूचंद्रच्या नाक्यावर कुणी खाडीतल्या मासळीबद्दल सांगताना “एवढा जिताडा होता!” असं म्हणतो, तेव्हा ऐकणारे त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, हातांकडे बघतात. (हात खऱ्या जिताड्यापेक्षा वीतभर लांब जातात, तो भाग वेगळा.) गंमत म्हणजे हाच माणूस मोबाइलवर बोलत असला तरी मोकळा हात पुढे करून ‘एवढा’ म्हणतो. पलीकडचा विचारतो, “केवढा?” हा पुन्हा म्हणतो, “अरे, एवढा!”

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. दोन्हींच्या साहित्याचा इतिहास आपण मुलांना शब्दांच्या जोरावर सांगतो: अमुक ग्रंथ, अमुक साली छापला, इतके खंड. पण छापखाना येण्याआधी शेकडो वर्षं गोष्ट ही ऐकण्याइतकीच बघण्याचीही वस्तू होती. सांगणाऱ्याच्या हातांचं काय झालं, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.

दिल्लीचे मीर बाकर अली हे जुन्या परंपरेतले अखेरचे दास्तानगो मानले जातात. १९२८ साली ते वारले. ऐय्यार, जादूगार, तिलिस्म, लढाया यांनी भरलेली अमीर हमजाची दास्तान ते रात्र रात्र सांगत. त्यांना ऐकलेल्या लोकांनी लिहून ठेवलं आहे की माणूस अंगाने किरकोळ, पण रणांगणाचं वर्णन सुरू झालं की समोर पहिलवान बसल्याचा भास व्हायचा. शेवटी शेवटी ऐकणारे कमी झाले आणि या उस्तादाला सुपारी विकून दिवस काढावे लागले. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणासाठी त्या काळात ठिकठिकाणच्या बोलींच्या तबकड्या भरल्या गेल्या. त्यात १९२० साली बाकर अलींचाही आवाज भरला गेला. काही मिनिटांचाच आहे, पण आहे.

त्या तबकडीत आवाज मिळतो, माणूस मिळत नाही. गोष्टीत कुठेतरी ‘यूं’ आलं की आपण अडकतो. तलवार वरून खाली आली की आडवी फिरली? दाढीवरून हात फिरवणारा तो बादशहा होता की वजीर? तबकडी सांगणार नाही. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून पुढे छापलेले अमीर हमजाच्या दास्तानीचे ४६ जाडजूड खंडही सांगणार नाहीत. शम्सुर्रहमान फारुकी यांनी या खंडांच्या अभ्यासात आयुष्याची बरीच वर्षं घातली. त्यांचं म्हणणं असं की या दास्ताना फसलेल्या कादंबऱ्या समजून वाचू नका. त्या सांगण्यासाठी आहेत, त्यांना सांगण्याच्याच कसोटीवर तपासा. त्यांच्याच प्रेरणेने २००५ साली महमूद फारुकी यांनी दिल्लीत दास्तानगोई पुन्हा उभी केली. पांढरा अंगरखा, टोपी, बसायला तख्त. शब्द छापील खंडांतून मिळाले, पण हात दाखवायला एकही जुना उस्ताद उरला नव्हता. ते हात नव्याने घडवावे लागले. आज मराठीतही दास्तानगोईचे प्रयोग होतात आणि मला ते आवडतात. तख्तावर मांडी घालून बसलेला माणूस पाय वापरू शकत नाही, उठून फेऱ्या मारू शकत नाही. सगळा भार चेहरा आणि दोन हातांवर येतो. पण बाकर अलींचा हात कसा फिरायचा, ते गेलं ते गेलंच.

आता कुणी म्हणेल, गेलं तर गेलं. अर्थ शब्दात असतो, हात ही वरची सजावट. हा वाद फार जुना आहे आणि त्याची सगळ्यात मजेदार हकिकत बसऱ्याच्या अल-जाहिजने लिहून ठेवली आहे. जाहिज हे त्याचं खरं नाव नव्हे. डोळे बाहेर आलेले म्हणून पडलेलं नाव. इसवी सन ८६८-६९ च्या सुमारास तो वारला. ‘अल-बयान वत-तबयीन’ हा त्याचा वक्तृत्वावरचा मोठा ग्रंथ. मनातला अर्थ बाहेर पडण्याच्या पाच वाटा तो सांगतो: लफ्ज म्हणजे शब्द, इशारा, अक्द म्हणजे बोटांवरची मोजणी, खत म्हणजे लिखाण, आणि पाचवी म्हणजे वस्तूची स्वतःची अवस्था, जी न बोलता बोलते. शब्द आणि इशारा हे त्याच्या मते भागीदार. इशारा शब्दाला मदत करतो, त्याचा दुभाषा होतो आणि पुष्कळदा त्याच्या जागी उभा राहतो. शिवाय जिथे आवाज पोचत नाही तिथे इशारा पोचतो, आणि भरल्या मजलिशीत दोघांना तिसऱ्यापासून गुपित राखायचं असेल तर इशाऱ्याशिवाय इलाज नाही. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे सौदे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ‘अक्द’ वेगळं समजावून सांगायला नको.

आता हकिकत. अबू शिम्र नावाचा एक पंडित होता. वादविवादात तो हात हलवत नसे, खांदे नाही, डोळे नाही, मानही नाही. जाहिज म्हणतो की त्याचं बोलणं खडकाच्या चिरेतून आल्यासारखं वाटायचं. हातवारे करणाऱ्याला तो कमअस्सल समजायचा. त्याचं म्हणणं, तर्काला दुसऱ्या कशाचा टेकू लागत असेल तर तो तर्क कसला? अयूब बिन जाफर हा उमराव याच मताचा होता. मग एक दिवस अयूबसमोरच त्याची गाठ इब्राहीम अन-नज्जामशी पडली. नज्जाम हा जाहिजचा गुरू. त्याने मुद्द्यांवर मुद्दे टाकून अबू शिम्रला असं कोंडीत पकडलं की गुडघे पोटाशी घेऊन निवांत बसलेल्या त्या माणसाची बैठक सुटली, हात हलायला लागले, तो सरपटत पुढे आला आणि शेवटी त्याने नज्जामचे दोन्ही हात धरले. त्याच दिवशी अयूबने मत बदललं.

ही हकिकत मी शिक्षकांच्या एका बैठकीत सांगितली होती. लोक हसले, पण मला त्यातलं एक बारीक काम फार भावतं. अबू शिम्रला हरवणारा मुद्दा कुठला होता, हे जाहिज सांगतच नाही. हात हलले, एवढंच सांगतो. शब्दांचा इतका मोठा धनी, आणि विजयाची नोंद करताना त्याने शब्द गाळले.

मुसलमान वाचकांना मी आणखी जवळचं उदाहरण देतो. उर्दूत तर्जनीला ‘शहादत की उंगली’ म्हणतात, कारण नमाजमध्ये बसून अत्तहियात म्हणताना अल्लाहच्या एकत्वाची ग्वाही देणाऱ्या शब्दांपाशी ते बोट वर होतं. वसईच्या पट्ट्यात मूळचे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, आणि उत्तरेकडून कामधंद्याला आलेले हनफी. एकाच ओळीत खांद्याला खांदा लावून बसतात. त्या वाक्याचे दोन भाग आहेत: आधी नकार, की दुसरा कुणी पूज्य नाही, आणि मग होकार, की अल्लाहशिवाय. हनफी नकाराच्या शब्दाला बोट उचलतो आणि होकाराला खाली ठेवतो. शाफई होकाराच्या शब्दाला उचलतो आणि तसंच ठेवतो. शब्द अक्षरशः तेच, बोट तेच. फरक फक्त कुठल्या अक्षराला बोट हललं एवढाच. एकाचं बोट म्हणतं, बाकी सगळे बाजूला सारले. दुसऱ्याचं म्हणतं, हा एक उरला. लहानपणी मुलं शेजाऱ्याच्या बोटाकडे बघून गोंधळतात, मोठी माणसं त्यावर वादही घालतात. मला मात्र त्यात भाषेचा एक सुंदर धडा दिसतो. इशारा शब्दाच्या कुठल्या टोकाला लागतो, यावर वाक्याचा भार बदलतो.

हदीसच्या संग्रहांत तर ‘हाकजा’ म्हणजे ‘असा’ हा शब्द वारंवार भेटतो. महिना किती दिवसांचा, हे प्रेषितांनी (स.) दोन्ही हातांची दहा बोटं तीनदा दाखवून सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी अंगठा दुमडला. म्हणजे एकोणतीस. यतीमाचा सांभाळ करणारा स्वर्गात माझ्या किती जवळ असेल, हे तर्जनी आणि मधलं बोट किंचित अंतर ठेवून दाखवलं. ज्यांनी हे पाहिलं त्यांनी ‘असा’ एवढ्यावर सोडून दिलं नाही. अंगठा दुमडल्याचं सांगितलं, बोटांमधली फट सांगितली. पुढे तर ‘मुसलसल’ नावाचा एक प्रकारच झाला. त्यात शब्दांबरोबर ती कृतीही पिढ्यान्‌पिढ्या सोपवली जाते. एका हदीसची साखळी अशी आहे की प्रत्येक सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या बोटांत बोटं गुंफायची आणि मगच ती सांगायची. मुहद्दिसांनी अशा अनेक साखळ्यांवर शंका घेतल्या, काही कमजोर ठरवल्या, ते त्यांचं शास्त्र. पण कल्पना बघा. दिल्लीच्या शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनी अशा हदीसांचा वेगळा संग्रह केला. बाकर अलींच्या तबकडीत जे हरवलं ते कसं राखायचं, याचं उत्तर तबकडीच्या हजार वर्षं आधी कुणीतरी शोधून ठेवलं होतं. हात हातानेच पुढे द्यायचा.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात एका हाताच्या २४ आणि जोडहाताच्या १३ मुद्रा दिल्या आहेत, हे आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असतं. हस्ताभिनय म्हटलं की तिथेच गाडी थांबते. मला वाटतं ती वेगळी गोष्ट आहे. त्या मुद्रा शब्दकोशासारख्या ठरलेल्या, शिकून घ्यायच्या. गोष्ट सांगणाऱ्याचा हात ठरलेला नसतो.

महाराष्ट्रातल्या परंपरा या दोहोंच्या मधे कुठेतरी बसतात. कीर्तनकार उत्तररंगात आख्यानाला लागला की उपरण्याचं एक टोक कधी पदर होतं, कधी लगाम. पिंगुळीच्या ठाकर समाजातले चित्रकथी एकेक चित्र समोर धरतात आणि गोष्ट गातात. तिथे हाताला आकार काढायचा नसतो, दाखवायचं असतं. आमच्या भागात आगरी लग्नात धवलारीण धवले गाते, त्यात जो विधी शब्दांत येतो तोच त्या क्षणी मांडवात हातांनी चाललेला असतो. हल्ली लोक तिचं गाणं मोबाइलवर नुसतं आवाजात भरून घेतात. दहा वर्षांनी ऐकणाऱ्याला ते नुसतं गाणं वाटेल.

आणि शाहीर. बार्शीचे अमर शेख (१९१६–१९६९), मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी मैदानंच्या मैदानं पेटवली. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. शाहिराच्या एका हातात डफ असतो, म्हणजे तो हात बांधलेला. दुसरा हात डफावर थाप मारतो आणि थापेच्या मधल्या फटीत तेवढा मोकळा होतो. त्या फटीत जे करायचं ते करायचं. म्हणून शाहिराचा हात सुटला की तो बाणासारखा सुटतो.

मग मायक्रोफोन आला. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम केले, ते मायकसमोर उभं राहून. तोंड मायकपासून फार लांब नेता येत नाही. म्हणून शरीर जागेवर, आवाज चढउतार करणारा, आणि हात कमरेच्या वर थोडक्यात. पण थोडक्यात म्हणजे नाहीच असं नव्हे. कथाकथनाच्या जुन्या ध्वनिफिती ऐकताना एक गोष्ट मला नेहमी जाणवते. मधेच लोक खो खो हसतात आणि त्या क्षणी शब्दच नसतो. नुसती शांतता, आणि हशा. त्या शांततेत काहीतरी झालेलं असतं. बहुधा हात.

अमेरिकेतल्या डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञाने माणसांना ट्वीटी आणि सिल्व्हेस्टरचं कार्टून दाखवून ते दुसऱ्याला सांगायला लावलं आणि सांगताना त्यांचे हात टिपले. १९९२ च्या ‘हँड अँड माइंड’ या पुस्तकात त्याने मांडलं की हात हा शब्दाचा नोकर नव्हे. दोन्ही एकाच विचारातून निघतात, आणि हाताची मुख्य हालचाल तिच्या शब्दाबरोबर किंवा जरा आधीच होते. मांजर नळातून वर चढलं, एवढं तोंड सांगतं. नळ किती अरुंद, ते बोटं सांगतात. पुढे १९९८ मध्ये जॅना आयव्हरसन आणि सुसान गोल्डिन-मेडो यांनी दाखवलं की जन्मापासून अंध असलेली मुलंसुद्धा बोलताना हात हलवतात, समोरचा अंध आहे हे माहीत असूनही. नाक्यावरचा फोनवाला म्हणजे काही वेडा नव्हे.

गोल्डिन-मेडो यांचंच त्याआधीचं, १९८६ चं काम शिक्षकांनी तर वाचायलाच हवं. एका ग्लासातलं पाणी बसक्या भांड्यात ओतायचं आणि मुलाला विचारायचं, पाणी तेवढंच आहे का? चुकणारं मूल सांगतं, “कमी झालं, कारण हे बुटकं आहे.” पण काही मुलांचे हात त्याच वेळी भांड्याची रुंदी दाखवत असतात. तोंडाला उंचीच दिसली, हाताला रुंदीही दिसली. अशा, म्हणजे तोंड आणि हात यांचं न जुळणाऱ्या मुलांना शिकवलं की ती इतरांपेक्षा लवकर शिकतात. उत्तर हातात येऊन थांबलेलं असतं, जिभेवर यायचं बाकी असतं.

आणि आपण वर्गात शिरल्या शिरल्या काय म्हणतो? हाताची घडी, तोंडावर बोट. मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं हे वाक्य एका दमात दोन्ही दारं बंद करतं. वर्गात शांतता हवी हे मला मान्य आहे, साठ पोरांसमोर मीही उभा राहतो. पण घडी उघडायची वेळ कधी येते? कथाकथन स्पर्धेत. तिथे ‘हावभाव’ असा रकाना असतो आणि त्याला गुण असतात. मग पालक शिकवून आणतात: सूर्य म्हटलं की दोन हातांचा गोल, राजा म्हटलं की मिशी, झोप म्हटलं की गालाखाली तळवे. शब्द आधी येतो, मूल क्षणभर थांबतं, आणि मग हात येतो. परीक्षक गुण देतात. हाच तो सजावटीचा हात, ज्याच्यावर अबू शिम्र चिडला असता, आणि बरोबर चिडला असता.

माझ्या वर्गात घरी उर्दू, भोजपुरी, आगरी बोलणारी मुलं आहेत. मराठीत गोष्ट सांगताना शब्द अडतो तिथे त्यांचा हात आधीच पुढे गेलेला असतो. तो हात दाबला तर शब्दही मागे फिरतो, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. म्हणून आठवड्यातला एक तास मी उभं राहून सांगण्यासाठी ठेवतो. अट एकच. सांगून झाल्यावर जे हाताने सांगितलं तेही वहीत लिहायचं. ‘असा’ लिहिला तर मी खाली रेघ मारतो आणि विचारतो, कसा?

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार चार दिवस पाण्यात होतं, ते इथल्या कुणाला सांगायला नको. त्यानंतर एका मुलीने आपल्या खोलीत पाणी कसं आलं ते वर्गाला सांगितलं. “पाणी आलं,” म्हणाली तेव्हा तिचा तळवा स्वतःच्या गुडघ्याच्या वर, आडवा. मग लहान भावाबद्दल बोलू लागली. तळवा त्याच उंचीवर राहिला, पण दुसरा हात त्याच्या थोडा वर येऊन थांबला, डोक्यावर ठेवल्यासारखा. दोन हातांमध्ये वीतभर जागा. वर्ग गप्प झाला. मी तरी काय बोलणार होतो?

वहीत तिने आधी लिहिलं होतं, ‘पाणी आले. आम्ही खूप घाबरलो.’ मी रेघ मारून वही परत दिली. दुसऱ्या दिवशी तिने खाली आणखी एक ओळ लिहून आणली: ‘पाणी माझ्या गुडघ्याच्या वर होते आणि भावाच्या गळ्यापर्यंत, म्हणून अम्मीने त्याला कपाटावर बसवले.’